मॅबरीला फुकट देऊन टाका

माझा भाऊ कॅझ तोंडाळ आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बहीण आहे, झाकणारच. मी काही झाकत नाही. चौतीस वर्षं त्याने या काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ट्रकने सारला, आणि चौतीस वर्षं तो बर्फाला, काउंटीला, ट्रकच्या हीटरला आणि आमच्या हॅमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाला शिव्या घालत आला. त्याची बायको लॉरेन शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, कमी बोलत जा. ती म्हणाली, चाळीस वर्षांत मला बोलायला मिळालंय कुठं?

असा माणूस. पण संघाच्या प्रेस्टन हाइड नावाच्या त्या मॅनेजरने त्याच्याशी जे केलं, ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सरोवराकाठच्या आमच्या गावात रविवारी सामना असतो आणि सोमवारी सकाळी रेडिओवर ‘कचरा सोमवार’. त्या दिवशी कचऱ्याची गाडी येते, त्यावरून हे नाव पडलं. कार्यक्रम चालवणारा बडी ट्रंबो विचारतो, आज काय टाकायचं? लोक फोन करून सांगतात. कुणी प्रशिक्षकाला टाकतं, कुणी स्टेडियममधल्या रबरी हॉट डॉगला. एक बाई दर आठवड्याला नवऱ्याला टाकायची. मग डब्याचं झाकण धाडकन आपटल्याचा आवाज येतो, सगळे हसतात, आणि मोकळे होऊन कामाला लागतात. यातलं एक अक्षरही कुणी खरं धरत नाही. उलट ज्याला सगळ्यात जास्त शिव्या, तो सगळ्यात आपला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कौतुक करायला मात्र कुणी फोन करत नाही. केलाच तर बडी विचारेल, बरं नाही का तुला?

कॅझ दर सोमवारी ट्रक बाजूला लावून फोन करायचा. आणि बहुतेक सोमवारी टाकायचा तो जोरेल मॅबरीला.

जोरेल आमचा झेलणारा. फेकणाऱ्याने चेंडू पन्नास यार्डांवर भिरकावायचा आणि याने अंगावर दोघं-तिघं लोंबकळत असताना पळता पळता तो हवेतून काढून आणायचा. नऊ वर्षं त्याने हे केलं. या नऊ वर्षांत फेकणारे सहा बदलले, प्रशिक्षक तीन बदलले, झेलणारा तोच. त्याच्या हातून महिन्यातून एखादा चेंडू सुटायचा, आणि तेवढ्यावरून कॅझ त्याचं सगळं खानदान काढायचा.

त्या खानदानातली एकजण नेमकी कॅझच्या शेजारी येऊन बसली. लॉरेन गेल्यावर कॅझने तिची स्टेडियममधली जागा संघाला परत केली होती. बारा नंबरवर मी, तेरावर तो, चौदा रिकामी. पुढच्याच हंगामात तिथं एक उंच, काळ्या कोटातली म्हातारी आली. तिसऱ्याच मिनिटाला जोरेलच्या हातून चेंडू निसटला आणि कॅझच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बाई शांतपणे म्हणाल्या, “तो माझा नातू आहे.” मला वाटलं, आता धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. कॅझ म्हणाला, “मग त्याला सांगा, दोन्ही हात वापर.” बाई म्हणाल्या, “तो सात वर्षांचा असल्यापासून तेच सांगतेय.”

त्या अर्डेलबाई मॅबरी. जोरेलला त्यांनीच वाढवलं, तिकडे खाली मिसिसिपीत. चार वर्षं इथं रुळल्यावर त्याने त्यांना आणलं, स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीत त्यांची सोय केली. त्यांना ती खोली एक दिवस सोसली नाही. काचेतून काही ऐकू येत नाही, मासे बघितल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. स्वतः जाऊन खालचं तिकीट काढलं. पाच हंगाम त्या आमच्याबरोबर बसल्या. सामन्याआधी पार्किंगमध्ये कॅझ सॉसेज भाजायचा, त्या घरून पीचचं गोड आणायच्या. बर्फ पडला की कॅझच्या ट्रकची पहिली फेरी त्यांच्या गल्लीत व्हायची, आणि त्यावरून काउंटीने त्याला दोनदा नोटीस दिली होती. लॉरेन गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी माझा भाऊ रविवारी संध्याकाळी घरी जायला घाबरायचा. तो पुन्हा माणसांत आला तो त्या बाईंमुळे. मी काही केलं नाही, मी फक्त ओरडत होते.

आता भांडणाकडे येते. गेल्या हंगामात जोरेल एकोणतिसाचा झाला. कराराचं एकच वर्ष उरलेलं, गुडघ्यावर एक शस्त्रक्रिया झालेली, आणि पश्चिमेकडचा एक संघ त्याच्या बदल्यात पुढच्या दोन्ही वर्षांची आपली पहिली निवड द्यायला तयार. म्हणजे कॉलेजातून निघणाऱ्या पोरांमधून ती दोन्ही वर्षं उत्तमातला एकेक आम्ही उचलायचा. गावात दोन तट पडले. न्हाव्याकडे भांडणं, चर्चच्या मासळीच्या जेवणात भांडणं.

मी द्या म्हणणाऱ्यांतली. खोटं कशाला बोलू? झेलणाऱ्याचे पाय तिशीला जातात, आणि गेल्यावर कुणी चुलीत घालायलाही घेत नाही. भाव आहे तोवर देऊन टाकावा. कॅझ माझ्यावर टेबल आपटायचा. ‘अगं, त्या तुझ्या निवडी म्हणजे बाजारात तुरी. आपला फेकणारा पोरगा बावीस वर्षांचा आहे, घाबरला की डोळे मिटून त्याच बाजूला फेकतो, कारण तिथं जोरेल असतो. त्याला काढलंस तर तो पोरगा कुणाच्या भरवशावर उभा राहील? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेले आपणच मूर्ख.’ हे त्याने मला शंभरदा ऐकवलं. माझ्या स्वयंपाकघरात.

नोव्हेंबरमध्ये आम्ही तळाच्या संघाकडून हरलो. शेवटचा चेंडू जोरेलच्या हातात बसला आणि सुटला. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅझ माझ्याकडे कॉफी प्यायला आला. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आठवडा होता, दुकानं मोठ्या खरेदीवर गोठवलेली टर्की फुकट देत होती. मी म्हटलं, त्याला देताना वर एक टर्कीही द्या म्हणावं. कॅझला ते इतकं आवडलं की कप तसाच टाकून तो ट्रककडे पळाला. तासाभराने मी रेडिओवर ऐकलं: मॅबरीला फुकट देऊन टाका, माझं मन उडालंय त्याच्यावरून, वर एक टर्की मी माझ्या पैशाने देतो. झाकण धाडकन आपटलं. आख्खं गाव हसलं. मीही हसले. ते वाक्य माझं होतं, हे मला विसरता येत नाही.

मार्चमध्ये बातमी आली की जोरेल त्या पश्चिमेकडच्या संघाकडे गेला. त्याच आठवड्यात संघाने जुन्या तिकीटवाल्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. सँडविच, कॉफी, गळ्यात निळ्या फिती. अर्डेलबाईंनाही बोलावणं होतं, कारण कॉम्प्युटरला त्या म्हणजे चौदा नंबर. त्या आल्या, ताठ बसल्या, पर्स मांडीवर. नातू दुसऱ्या संघात गेला तरी आपलं तिकीट आहे, म्हणाल्या.

हाइड मंचावर आला. कॅलिफोर्नियातून येऊन त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, पांढरे बूट, दात त्याहून पांढरे. म्हणाला, हा निर्णय आमचा एकट्याचा नाही, आम्ही तुमचं ऐकलं. आणि पडद्यावर चित्रफीत लावली. जोरेल चेंडू सोडतोय, आणि मागून लोकांचे आवाज. पहिला कुणाचा तरी, दुसरा कुणाचा तरी. तिसरा माझ्या भावाचा. ‘मॅबरीला फुकट देऊन टाका, माझं मन उडालंय त्याच्यावरून.’ खाली अक्षरं: कॅझ, चौतीस वर्षांपासून तिकीटधारक. टर्की कापली होती. झाकण कापलं होतं. हसणं कापलं होतं. उरलं ते इतकं कोरडं होतं की मी स्वतः क्षणभर दचकले.

अर्डेलबाई उठल्या. आमच्याकडे न बघता रांगेतून बाहेर पडल्या आणि दाराबाहेर गेल्या.

कॅझ उभा राहिला. मला वाटलं आता छप्पर उडणार. पण तो अगदी हळू बोलला, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. “तो कचरा सोमवार होता.”

हाइडने बाजूच्या पोरीकडे पाहिलं. “ते काय असतं?”

त्याला खरंच माहीत नव्हतं की तो सोंग करत होता, हे मला आजही कळलेलं नाही. माहीत नसेल तर सव्वा वर्ष या गावाचं खाऊन तो आंधळा राहिला. माहीत असेल तर त्याच्यासारखा नीच तोच. पोरीने काहीतरी त्याच्या कानात सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “सर, आवाज तुमचाच आहे ना? आम्ही एकही शब्द बदललेला नाही. आणि जोरेलच्या सहीशिवाय आम्हाला त्याला पाठवताच आलं नसतं. त्याच्या करारात तसं कलम होतं. त्याने स्वतःहून सही केली.”

दोन रखवालदार कॅझच्या मागे येऊन उभे राहिले. गरज नव्हती. माझ्या भावाने गळ्यातली निळी फीत काढून खुर्चीवर ठेवली. मीच ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅझ रेडिओ स्टेशनवर गेला. माझा पूर्ण फोन लावा, झाकणासकट, एवढंच त्याचं मागणं. बडी ट्रंबो, ज्याच्या धंद्याला कॅझने वीस वर्षं फुकट खाऊ घातलं, तो खाली येऊन बूट बघत बोलला की सामने ऐकवायचे हक्क संघाकडून येतात, माझे हात बांधलेत. सगळ्यांचेच हात बांधलेले. कॅझचा आवाज तेवढा सगळ्यांना मोकळा.

गावात ज्याला त्याला वाटत होतं की जोरेल पैशासाठी पळाला. सही त्याची होती ना. कॅझला तेही वाटेना, आणि दुसरं काय वाटावं तेही कळेना. दहा दिवस तो जेवला नाही धड. अकराव्या दिवशी मी त्याला गाडीत घातलं आणि अर्डेलबाईंच्या दारात नेलं. बैठकीत खोकी भरलेली होती. त्या नातवाकडे निघाल्या होत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, कॉफी दिली. कॅझ उभ्यानेच सांगायला लागला की ते वाक्य कापलेलं आहे, तो कचरा सोमवार होता.

“मला माहीत आहे कचरा सोमवार,” बाई म्हणाल्या. “मी स्वतः दोनदा फोन केलाय. एकदा जोरेललाच टाकलं होतं.”

“मग तुम्ही उठून का गेलात?”

“कारण तेव्हा मला कळलं, त्यांनी त्याला काय ऐकवलं ते.”

मग त्यांनी सांगितलं. जोरेलने सही करायला दोनदा नकार दिला होता. म्हणाला होता, इथंच खेळेन, इथंच संपेन, आजीचे मित्र इथं आहेत. तिसऱ्यांदा त्याला ऑफिसात बोलावलं आणि तो फोन ऐकवला. हा कोण ते ओळखतोस ना, असंही विचारलं. खेळाडू रेडिओ ऐकत नाहीत, ऐकला तर वेडे होतील. त्याला झाकणाचं काही माहीत नव्हतं. तो घरी आला, सही झाली म्हणाला, आणि का केली ते सांगेना. हॉलमधून परतल्यावर बाईंनी फोन करून खोदून विचारलं, तेव्हा बोलला. तुझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाचंच मन उडालंय, मग मी थांबू कुणासाठी?

कॅझ खाली बसला. म्हणाला, “मला त्याच्याशी बोलू द्या.”

बाईंनी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. कॅझने नाव सांगितलं आणि म्हणाला, “तो विनोद होता, पोरा. तू इथून जायला नको होतास.”

मग जोरेल म्हणाला, “विनोद होता ते आजीने सांगितलं मला, सर. माझा राग नाही. पण त्या खोलीत मी आठवत बसलो होतो, की याच्या उलट तुम्ही कधी काही बोललात का. काहीतरी असेल म्हणून नऊ वर्षं चाळली. तुमच्याकडून ऐकलेलं मला काहीच सापडलं नाही.”

कॅझने फोन बाईंना परत दिला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नातवाशी दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या, सामान नेणाऱ्या गाडीबद्दल.

गाडीत बसल्यावर मी हाइडच्या नावाने सुरू झाले. त्याचे बूट, त्याचे दात, त्याची आई. कॅझ म्हणाला, “टेक्ला, गप्प बस.” जन्मात त्याने मला हे सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मी खरंच कधी म्हणालो नाही?”

मी आठवून पाहिलं. माझ्याकडे शंभरदा म्हणाला होता. जोरेलकडे एकदाही नाही. आणि मी त्याला तसंच सांगितलं.