काकूंसाठी काळा, माझ्यासाठी टोनिंग

नाणेवाले मित्रहो, सकाळपासून डोकं तापलं आहे म्हणून लिहून राहिलो.

आमच्या शहरातल्या बूढ़ापारा मोहल्ल्यात एका नाण्यांच्या दुकानात बसलो होतो. एक मराठी काकू दिवंगत नवऱ्याने जपलेला चांदीचा रुपया विकायला आल्या. वर्षानुवर्षं कागदात राहून त्याच्या कडेवर निळी-जांभळी झाक चढली होती, आपण नाणेवाले जिला टोनिंग म्हणतो ती.

दुकानदाराने तोंड वाकडं केलं. "दीदी, ये तो काला पड़ गया. सिर्फ चांदी का भाव मिलेगा."

दुसऱ्याच्या सौद्यात कशाला बोला, म्हणून मी गप्प बसलो. काकू पैसे घेऊन निघाल्या. लगेच त्या निर्लज्ज माणसाने तोच रुपया माझ्यापुढे ठेवला. "भैया, नॅचरल टोनिंग है. तिगुना लगेगा."

मी उठून गल्लीत धावलो. "काकू, पैसे परत करा अन् रुपया घ्या. फसवलं तुमाले त्यानं."

काकू परत आल्या, पैसे काउंटरवर ठेवले आणि शांतपणे विचारलं, "काहून भैया, अब काला नहीं है क्या?"

त्याने मान खाली घालून रुपया दिला. आधीच न बोलल्याची मलेही लाज वाटली.

खरी झाक सुंदर असते. तिच्यासाठी मी पाव पट जास्त देईन. तिप्पट भाव रंगाचा नसतो, आपल्या मूर्खपणाचा असतो. फोटोतली चमक पाहून वाट्टेल ते मोजणारे आपणच असल्या भामट्यांना पोसतो.

तुम्ही किती जास्त द्याल? आणि स्वतः विकत घेताना समोरच्या काकूंना ती झाक टोनिंग म्हणून सांगाल, की काळेपणा म्हणून?