भोपाळची तिसरी कॉइल

नाशिकहून निघताना मी फार खुशीत होते. कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला अणुसंमीलनाच्या कार्यशाळेसाठी कोण बोलावतं? पण पुढच्या महिन्यात भोपाळला अशी कार्यशाळा भरणार होती, आणि ती बघायला येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी सोप्या मराठी-हिंदीत पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. आधी तीन दिवस येऊन प्रयोगशाळा पाहा, असा निरोप होता.

पहिला घोटाळा उतरल्याउतरल्याच झाला. गाडी शहरात आधी जिथे थांबते त्या स्टेशनवर मी उतरले आणि मला न्यायला आलेला ड्रायव्हर पुढच्या मोठ्या स्टेशनवर थांबलेला. शेवटी रिक्षा केली. "हबीबगंज पे सब ऐसेइ उतर जाते हैं, खां," रिक्षावाला म्हणाला (खां हे इथलं सरसकट संबोधन; बाई असले तरी मीसुद्धा खांच). अरेरा कॉलनीतल्या अतिथिगृहात सामान टाकलं, कोपऱ्यावर पोहे-जिलबी खाल्ली आणि होशंगाबाद रोडवरून बाग सेवनियाच्या पुढे असलेल्या, कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थेत पोचले.

अणुसंमीलनाचं यंत्र माझ्या अपेक्षेपेक्षा लहान होतं. सूर्यात घडतं ते पृथ्वीवर घडवायचं तर वायू इतका तापवावा लागतो की कुठलंही भांडं त्याला धरू शकत नाही. म्हणून तो चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरतात. नेहमीच्या यंत्रात त्यासाठी खुद्द वायूतून प्रचंड वीजप्रवाह सोडावा लागतो आणि तो केव्हा बिघडेल याचा नेम नसतो. इथली वाट वेगळी होती. चुंबकाच्या कॉइलनाच असा पीळ द्यायचा, की वायू त्या पिळातच धरून राहावा. पिळून वाळत टाकलेल्या टॉवेलसारख्या दिसणाऱ्या तांब्याच्या दोन कॉइल चौकटीत बसवलेल्या होत्या. अशा वेड्यावाकड्या आकारावर तांब्याची पट्टी बसवून तिच्यावर वीज अडवणारी अभ्रकाची टेप गुंडाळणं मशिनला जमत नाही. ते हातानेच करावं लागतं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"हमारी टीम ने," संयोजक डॉ. निगम म्हणाले.

भिंतीवर कार्यशाळेचं पोस्टर होतं. त्यावर तांब्यावर टेप ओढणारे दोन सुरकुतलेले हात, साध्या बांगड्यांसह. फोटो मनगटाच्या वर कापलेला. त्यांच्या टीममध्ये त्या वयाचं कुणीच मला दिसलं नव्हतं. पीएचडी करणारी अंजुम मला बाहेर सोडायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "सुमन आंटी के हाथ हैं, मैडम. आपकी तरफ़ की हैं, मराठी. आनंद नगर में रहती हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आनंद नगर गाठलं.

सुमनताई वानखेडे मूळच्या नागपूरच्या. नवरा इथल्या वीजयंत्रांच्या मोठ्या कारखान्यात होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या आणि वाइंडिंग विभागात निवृत्तीपर्यंत कॉइलवर टेप चढवत राहिल्या. दार उघडून माझं मराठी ऐकलं तशा खुलल्या. "बसा न, मॅडम. चाय ठेवते. नमकवाली चालते का?" (इथे चहात चिमूटभर मीठ घालतात.)

संस्थेने त्यांना चार महिने बोलावलं होतं. पहिल्या दोन कॉइल त्यांनी स्वतः केल्या, तिथल्या इंजिनिअर मुलांना शिकवलं, मुलांनी त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढला. व्हिडिओ झाला आणि बोलावणं थांबलं. तिसरी कॉइल मुलांनी व्हिडिओ बघून केली.

"मी एक डाव पाह्यली ती," त्या म्हणाल्या. "पोरं चांगले आहेत, पण चुकून राहिले. टेपचा प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढला पाहिजे. सीध्या जागी ठीक आहे. वळणावर आतून मोजलं तर आतमध्ये बरोबर बसते, पण बाहेरून टेप फाकते अन् तांबं उघडं पडते. मोजायचं बाहेरून. ते आतून मोजून राहिले."

"मग सांगितलं नाहीत?"

"सांगितलं न. सर म्हणाले, आंटी, कंप्यूटर में सब डिज़ाइन है."

कार्यशाळेला जायची त्यांची इच्छा होती. नातवाच्या लॅपटॉपवर त्यांचं नाव नोंदवायला मी बसले. नाव, वय, गाव भरलं. मग शिक्षण. यादीत तीनच पर्याय, तिन्ही पदव्या. सुमनताई दहावी. ती जागा रिकामी ठेवली की लाल अक्षरं यायची आणि फॉर्म पुढे सरकेना. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. शेवटी त्यांनीच माझा हात धरला.

"राहू द्या, मॅडम. पोस्टरवर आहे न मी."

त्या हे हसत म्हणाल्या. माझ्या मात्र अंगाची लाहीलाही झाली. या बाईचे हात चालतात, बांगड्याही चालतात, मनगटाच्या वरची बाई तेवढी चालत नाही!

तिथून थेट डॉ. निगम यांच्या बैठकीत गेले. आठ माणसं बसली होती. पाहुणी म्हणून गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. सुमनताईंना एका सत्रात बोलवा, मी म्हणाले.

"मैडम, यह वैज्ञानिकों की कार्यशाला है," डॉ. निगम म्हणाले. "उनका आभार मान लेंगे. शॉल-श्रीफल रख लेते हैं."

"सर, शाल थंडीत लागते. त्यांना त्यांचं नाव हवंय." रागात माझं हिंदी अर्धंअधिक मराठीच झालं होतं, आवाज चढलेला होता. "आणि तिसऱ्या कॉइलला वळणावर टेप बाहेरून फाकलीय, असं त्या म्हणतात. तपासलीत?"

 डॉ. निगमनी समोरचे कागद नीट केले. मग अंजुम म्हणाली, "सर, बता दीजिए. परसों के वोल्टेज टेस्ट में वही जगह फेल हुई है. बाहर वाला मोड़."

म्हणजे यांना ठाऊक होतं! कार्यशाळा तोंडावर आलेली, पाहुण्यांना यंत्र चालू करून दाखवायचं, आणि दोन दिवस ही माणसं ती गोष्ट दाबून बसली होती. आनंद नगर तिथून तासाभरावर. पण दहावी झालेल्या बाईला 'आमचं चुकलं' म्हणायला एकाचीही जीभ रेटली नव्हती.

दुपारी संस्थेची गाडी सुमनताईंना आणायला गेली. ती रिकामी परत आली. ड्रायव्हरने निरोप सांगितला, "बोल रही हैं, साहब ख़ुद आएँ."

साहेब गेले. अंजुम आणि मीही गेलो. सुमनताईंनी सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला, मग समोर बसल्या आणि कारखान्यात बोलत असतील त्या हिंदीत म्हणाल्या, "शॉल नहीं चाहिए, साहब. एक घंटा चाहिए, स्टेज पर. कॉइल कैसे बिगड़ती है, वो मैं बताऊँगी. और तीसरी वाली पूरी खोलनी पड़ेगी, पहले फेरे से. आधी खोलने को बोलोगे तो मैं नहीं आती."

डॉ. निगमनी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा त्या कामाला लागलेल्या होत्या. चष्मा नाकावर, शेजारी अंजुम, आणि चार इंजिनिअर पोरं वाकून बघत असलेली. "बाहेरून मोज, बेटा," एवढंच मला ऐकू आलं. त्यांनी वर पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही.

गाडी नर्मदेचा पूल ओलांडत होती, तेव्हा अंजुमने नवं कार्यक्रमपत्रक पाठवलं. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशीचं पहिलं सत्र: सुमन वानखेडे, कॉइल-तज्ज्ञ. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, चांगली बातमी?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

पण पूल संपून नदी मागे पडली तरी माझा राग काही उतरेना. ते नाव त्या पत्रकावर आलं ते सुमनताईंना येतं म्हणून नाही, इतरांना आलं नाही म्हणून. ती कॉइल चाचणीत पास झाली असती तर?

आणि अंजुम पहिल्या दिवशी हळूच बोलली नसती, तर पुस्तिकेत मीही 'आमची टीम' असंच लिहून मोकळी झाले असते.