मोठ्या अक्षरांतला तोरा

मुलीनं मुलगा पसंत केला आणि अभ्यासाला मी बसलो.

मुलगा ठाण्याचा, बेने इस्रायली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कोकणातले यहुदी. रविवारी त्याचे आईवडील सोयरीक पक्की करायला नागपूरला येणार होते. त्यांच्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून त्यांचा धर्मग्रंथ, तोरा, आधीच वाचून टाकायचं मी ठरवलं. मराठी सोपं हवं आणि अक्षरं मोठी (मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं!).

सीताबर्डीतल्या पुस्तकवाल्याला विचारलं, "भाऊ, तुमच्यात तोरा आहे का?"

"नाही जी काका! आम्ही साधे माणसं."

"तसा नाही गा! ज्यूंचा!"

"ज्यूसचं दुकान बाजूले आहे."

मग सदर बाजारातल्या एका दुकानात एक जुनं भाषांतर मिळालं. अक्षरं मुंगीएवढी, आणि मराठी इतकं जड की पहिल्याच पानावर डोळा लागला! शेवटी मुलीनं माझ्या फोनमध्ये सोप्या मराठीतलं बोलतं पुस्तक टाकून दिलं. "बाबा, आता फक्त ऐका." ऐकलं. (पाच मिनिटं.)

रविवारी पाहुणे आले. लाल झणझणीत रश्श्यात भिजलेले, रुमालानं झाकलेले तर्री-पोहे आले. मी ऐटीत म्हणालो, "तुमचा ग्रंथ मी..." तेवढ्यात खिशातला फोन गरजला! अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका... अख्खी वंशावळ! घाबरून बटण दाबलं, तर आवाज दुप्पट!

"अहो, काय करून राहिले? बंद करा नं!" बायको दात-ओठ खात कुजबुजली.

"होऊनच नाही राहिलं!"

व्याह्यांनी शांतपणे खिशातून छोटी टोपी काढून डोक्यावर ठेवली. ग्रंथ ऐकताना डोकं झाकतात वाटतं, आपणही झाकावं म्हणून मी हाताला लागलेला रुमाल डोक्यावर घेतला. पोह्यांवरचा! तर्री कपाळावरून ओघळत नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली.

सगळ्यात आधी विहीणबाई हसल्या. मग मुलगी, मग सगळं घर! त्या गोंधळात मुलीनं फोन हिसकावून बंद केला.

"आमच्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला नव्हता हो," व्याही डोळे पुसत म्हणाले. "आमच्या घरीही मराठीतच वाचतात. सोयरीक पक्की!"

लग्न थाटात झालं, पोरगी सुखात आहे. फक्त दर सणाला ठाण्याहून व्याह्यांचा फोन येतो, "दादा, वाचन कुठवर आलं?" आणि आमच्या नागपूरची रेंज नेमकी तेव्हाच जाते!