खिळ्याखालचं पाणी

बेटाच्या ईशान्येला एक नदी समुद्राला मिळण्याआधी कोपरासारखी वळते. त्या कोपरात एक गाव होतं. एकतीस घरं, छोटी मशीद, एक चिनी दुकान, लाकडी खांबांवरचा धक्का आणि होड्या दुरुस्तीसाठी वर ओढायचा उतार. आधी मासेमारी करणारी चार मलाय कुटुंबं आली. मग होड्या बांधणारे चिनी. सर्वांत शेवटी, एकोणसत्तर साली, जहाजावरची नोकरी सोडून शामकांत आला. रत्नागिरीकडचा इंजिन फिटर. उतारावरचे लोखंडी रूळ त्यानं एकट्यानं बसवले. दोन वर्षं लागली.

दर अमावास्येला ओहोटी लागली की तो नदीची खोली मोजी. दोरीला तीन किलोचा शिशाचा गोळा आणि गोळ्याच्या बुडाला साबण, म्हणजे तळाची माती चिकटून वर येई. धक्क्याच्या तिसऱ्या खांबात त्यानं पितळी खिळा ठोकला होता. पाणी खिळ्याच्या किती खाली आणि तळ पाण्याच्या किती खाली, दोन्ही आकडे वहीत जात. तेवीस वर्षांत एक अमावास्या चुकली नाही.

"काय म्हणते नदी, वैद्यबुवा?" बायको प्रेमा विचारी.

"चार बोटं गाळ वाढलाय."

"मग द्या एरंडेल तिला. माझी कंबर दोन महिने धरलीय, तिची नाही कुठे नोंद!"

चौऱ्याण्णव साली गाव उठवायचं ठरलं. घरांना फ्लॅट मिळणार होते. नदीच्या मुखाशी भराव सुरू झाला आणि त्याचा गाळ होड्यांच्या वाटेत सरकला. शामकांतनं अर्ज केला, उतार तरी राहू द्या. उत्तर आलं. भरावाआधी पूर्ण ओहोटीला वाटेत दोन वाव, म्हणजे बारा फूट, पाणी होतं असं सिद्ध झालं, तर गाळ काढून देऊ आणि उतारही ठेवू. नाहीतर नाही.

"दोन?" शेजारचा होडीवाला यूसोफ हसला. "शाम, तुझ्या वहीत अडीच आहे. आता साहेबालाच खाली ओढ आणि डुबकी मारायला लाव."

तरुण अधिकारी आला. त्यानं वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मोजमाप जाणणारा होता.

"अंकल, असं काम मी आमच्याकडेही पाहिलं नाही. आता फक्त खिळा दाखवा. त्याची उंची सरकारी खुणेशी जोडली, की सगळे आकडे लागू होतील. नाहीतर ही खोली नेमक्या कुठल्या पातळीपासून मोजली ते ठरत नाही."

शामकांत धक्क्याच्या दिशेनं बघत राहिला. तिथे धक्का नव्हता. दोन महिन्यांपूर्वी कंत्राटदाराची माणसं खांब करवतीनं कापायला आली होती. बुंधे पाण्याखाली राहिले असते आणि होड्यांचे तळ फाटले असते. असलं अर्धवट काम शामकांतला बघवेना. त्यानं स्वतःची चेन लावून अठराच्या अठरा खांब मुळासकट उपटून दिले होते. चार दिवस राबून. ते कधीच भंगारात गेले होते.

"किनाऱ्यावर दुसरी खूण? दगडावर, भिंतीवर?"

"नाही."

"खिळ्याची उंची कधी अंदाजानं तरी लिहिलीत?"

"अंदाजानं मी काही लिहीत नाही."

अधिकाऱ्यानं वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "सॉरी, अंकल."

तो गेल्यावर प्रेमा म्हणाली, "अहो, खोटा सांगायचात एखादा खिळा."

 वही शामकांतनं फडताळात ठेवली नाही, फाडलीही नाही. तो जिथे बसला होता तिथेच ती राहिली.

पंधरा दिवसांनी वुडलँड्स या नव्या वसाहतीतल्या फ्लॅटची किल्ली मिळाली. सामान हलवायचं काम प्रेमानं आणि यूसोफनं केलं. शामकांत उतारावरचे रूळ काढत होता. रूळ गॅसनं कापले असते तर एका दिवसात निघाले असते. त्यानं एकेक गंजका बोल्ट तेल घालून, थांबून, सोडवला. सहा दिवस लागले. एकही रूळ वाकला नाही.

भंगारवाल्यानं ते लॉरीत मावावेत म्हणून तिथेच मधोमध कापले.