भावाच्या सदऱ्यावरचं अत्तर

आसेगावच्या शाळेत मास्तरकी लागली आणि पुढल्या उन्हाळ्यानंतर कामरगावला मुलगी पाहायला जायचं ठरलं. शाळेतल्या एका सोबत्याचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्यानं आणलेलं विलायती सेंट सोबती सणावारी लावायचा. वास गोड, पण डोक्यात जाणारा नाही. तो वर्गातून गेला तरी मागं रेंगाळायचा. मलाही तसंच हवं होतं. बाटलीची किंमत माझ्या ऐपतीबाहेरची होती. तेव्हा त्यानंच माझ्या रुमालावर दोन थेंब टाकले आणि हा रुमाल कारंज्याच्या अत्तरवाल्याला दाखव, तो नक्कल करून देतो, असं सुचवलं.

अत्तरवाल्यानं रुमाल हुंगून दोन-तीन बाटल्यांतलं थोडंथोडं एका कुपीत घातलं. अस्सल नाही, पण जवळपास जाईल, हे त्यानं आपणहून सांगितलं.

आईवडील माझ्या लहानपणीच गेले होते. मला वाढवलं, शिकवलं ते भावानं आणि वहिनीनं, लोकांच्या शेतात राबून. वहिनीनं आधी रुमाल हुंगला, मग कुपी. मला दोन्ही सारखेच वाटत होते. तिला पटेना.

"कुपीत सारंच चांगलं लागते," ती म्हणाली. "घामावर कसं राह्यते ते पाहा लागन."

भाऊ डवरणीला, पिकातलं तण काढायला, निघाला होता. तिनं त्याच्या सदऱ्याच्या गळ्याला अत्तराचं बोट पुसलं.

"मले कायले?" भावानं विचारलं.

"त्याचं तुमचं रगत एक हाय. घामही एकच असन."

भाऊ बैल घेऊन गेला. शेतातल्या गड्यांनी दिवसभर त्याला नवरदेव म्हणून छळलं. दुपारी भाकर घेऊन गेलेल्या वहिनीनं सगळ्यांदेखत त्याची कॉलर हुंगली, तेव्हा निंदणाऱ्या बायांना हसू आवरेना. संध्याकाळी तिनं पुन्हा हुंगून पाहिलं आणि मला निकाल सांगितला.

"दुपारी नुसता गुळाचा पाक झाला होता. त्या रुमालाची सर नाही याले. पण आता पाह्य, चंदनावानी मऊ झालं. तू आदल्या सांजेलेच लाव."

मी तसंच केलं. कामरगावला आम्ही तिघं गेलो. अत्तराचा विषय कुणीच काढला नाही. लग्न मात्र जुळलं. पुढं कधीतरी मी बायकोला त्या वासाबद्दल विचारलं. तिला आठवत नव्हता. तिच्या वडिलांनी काही विचारलं की मी आधी वहिनीकडं बघत होतो, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं होतं, आणि तेवढ्यावरच तिनं घरी होकार कळवला होता.

लग्नाच्या सकाळी भावानं उरलेली कुपी मागितली. जन्मात कधी काही मागितलं नव्हतं त्यानं. मी त्याच्या दोन्ही मनगटांना अत्तर लावलं, आणि लग्नाआधीच्या बुद्धवंदनेला तो सगळ्यांच्या पुढं जाऊन बसला.