दसऱ्याला पुजलेल्या फ्लॉपी

"डीएड कर, मास्तर व्हय. त्या टीव्हीना मव्हरे बशीसन पोट भरस का?"

"टीव्ही नही, आबा. कॉम्प्युटर शे."

"त्यावर सिनेमा दिखस का?"

"नही."

"मंग टीव्ही बरा!"

माझे धाकटे दीर नथ्थूभाऊ दोंडाईच्याहून आले होते, आणि ओसरीवर त्यांचं नि त्यांच्या अभिमनचं जुंपलं होतं. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. शेवटी पिठाच्या हातानेच बाहेर आले. म्हटलं, "भाऊ, दोन वर्षं राहू द्या त्याला माझ्याकडे. मी बघते." बघितलं मी!

ही ब्याण्णव सालची गोष्ट. अभिमन पाचोऱ्याहून रोज पॅसेंजरने जळगावला विद्यापीठात जायचा. तिथे कॉम्प्युटर थोडे, पोरं फार. एकेकाला दिवसाचा एकच तास. चपला बाहेर काढून आत जायचं म्हणे. मी म्हणायचे, "आमच्या देवळापेक्षा सोवळं दिसतंय." बाकीचं तो घरी वहीत लिहायचा. शेवटच्या वर्षी त्याने एक प्रोग्राम केला. गावाचं नाव टाकलं की तिथे जायला कोणती गाडी धरायची, ते कॉम्प्युटर सांगणार. तो सरांना दाखवला की निकाल, आणि निकाल लागला की पुण्याला नोकरी. कंपनीचं पत्रही आलं होतं.

तो प्रोग्राम दोन काळ्या चौकोनी फ्लॉपींवर होता. तिथल्या कॉम्प्युटरवर कुणाचंच काही ठेवत नसत. एक बिघडली तर दुसरी असावी, म्हणून दोन. "मोठी माय, माझं बठ्ठं यातच शे," तो म्हणाला होता.

दसऱ्याला आमच्यात ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. मी पाटावर माझा विळा मांडला, मालकांची करवत मांडली. पोराचं हत्यार कोणतं? अभिमन बाजारात गेलेला. मी फ्लॉपी पाकिटातून काढल्या, पाणी शिंपडलं, ओलं हळद-कुंकू बोटाने लावलं. मधे लांबट खिडकी होती, नेमकी तिथेच. एकीला लावून दुसरीला कशी वगळू? दोघींना लावलं.

पोरगा आला, पाटाकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. धोतराच्या मऊ फडक्याने पुसत बसला.

कॉम्प्युटरने दोन्ही वाचल्या नाहीत. वहीवरून पुन्हा भरायला महिना लागला असता, हातात चार दिवस. सरांना आणि बापाला त्याने एकच सांगितलं, "माझ्या हातून भिजल्या." निकाल वर्षभर लांबला. पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. पास झाल्यावर तो पाचोऱ्यातच एका जिनिंगच्या ऑफिसात टायपिंगला लागला.

नव्याण्णव साली नथ्थूभाऊंना नीट दिसेनासं झालं, म्हणून ते त्याला गावी न्यायला आले. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, तुम्ही तं सांभाळं. यानीच ती पुण्यानी नोकरी सोताना हातवरी गमाडी."

मी तोंड उघडलं. अभिमनने माझ्याकडे पाहिलं आणि उठला. "मोठी माय, दळण दे. गिरणी बंद व्हई जाई."

तो गेला. भाऊ समोरच बसले होते. सांगायला तासभर होता. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला.

अभिमन डबा घेऊन आला, फळीवर ठेवला आणि म्हणाला, "पीठ गरम शे. झाकण आत्ताच लावू नको."