कढईतल्या राखेवरची वाट

माझ्या पहिल्या यंत्रानं अकरा लिटर दूध करपवलं. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्याजवळ उभी राहून सांगते. पोरं हसतात. मी हसू देते, कारण पुढचं ऐकताना ती गप्प होतात हे मला माहीत आहे. मी यंत्रांची गती हा विषय शिकवते. कुठली दांडी कशी फिरते, कुठल्या सांध्याला किती मोकळीक असते, एक टोक फिरवलं की दुसरं टोक कुठं जातं, असला सगळा कारभार. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला या विषयानं भलेभले रडतात. मी परीक्षेत अजिबात रडले नाही, चांगले मार्क पडले होते मला. मी रडले आमच्या घरच्या कढईसमोर.

आमचं गाव येरमाळ्यापासून आत, भूमच्या अंगाला. या पट्ट्यात दुधाचा खवा करायच्या भट्ट्या गावोगावी आहेत. आमची भट्टी आईची. वडिलांना विचारलंत तर तेही तिला आईचीच म्हणतात. सकाळी दूध यायचं, वडील ते मापून घ्यायचे, सरपण लावायचे आणि कडेच्या दगडावर जाऊन बसायचे. मग आई लांब दांड्याचं लोखंडी उलथणं घेऊन कढईशी उभी राहायची ती खवा उतरेपर्यंत. दुपारच्या दुधाला पुन्हा तेच. तिच्या खव्याचे पेढे तुळजापूरच्या दुकानांतून किती लोकांनी घरी नेले असतील याचा हिशोब कुणी ठेवला नाही, पण आमचा खवा परत आलाय असं कधी झालं नाही. हे मी गर्वानं सांगते आणि सांगत राहणार.

आमच्या भट्टीवर एक नेम होता. दूध पातळ असेपर्यंत कुणीही हलवावं. पण ते घट्ट व्हायला लागलं, आमच्या भाषेत खवा धरला, की हात बदलायचा नाही. धरताना उलथणं ज्याच्या हातात असेल त्यानंच तो शेवटपर्यंत न्यायचा. हात बदलला की खव्याला खरबरीत कण पडतो, नाहीतर बुडाला लागून जळका वास येतो. वडिलांनी एकदोनदा प्रयत्न केला होता. तो खवा आम्ही घरीच खाल्ला. त्यामुळं प्रत्येक कढईचा शेवट आईच्या उजव्या खांद्यावर यायचा.

मी शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीला घरी आले. आई आरशासमोर बसून डाव्या हातानं उजवा हात वर उचलून धरत होती, वेणी घालायला. मी विचारलं तर म्हणाली, "आखडलाय जरा." आखडलाय कसला, तिला पोलक्याची बाही चढवता येत नव्हती. मी तिला धरून धाराशिवला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी खांदा फिरवून बघितला आणि स्पष्ट सांगितलं, की हे हलवण्याचं काम बंद करा, नाहीतर हा हात कायमचा खाली राहील. आईनं मान डोलावली. एसटीत बसल्यावर मात्र म्हणाली, "भट्टी बंद करून म्या काय करू? तुझ्या बापाशेजारी दगडावर बसू?"

बाजारात खव्याची मशीनं मिळतात हे मला ठाऊक होतं. पण आईनं एकदा मशीनचा खवा चाखून नाक मुरडलं होतं, त्यामुळं तो विषय संपला होता. माझ्या नाकावर राग कायम बसलेला. मी एसटीतच म्हणाले, "मग मी करते मशीन. माझ्या प्रोजेक्टचं." आईनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "कर की." खांदा किंवा भट्टी, दोन्हीपैकी एक जाणार, एवढं आम्हा दोघींना कळत होतं.

पहिलं यंत्र मी मोठ्या तोऱ्यात केलं. कढईवर एक आडवी पट्टी, मधोमध उभा दांडा, दांड्याला दोन पाती आणि वर मोटर. पाती कढईच्या बुडाला टेकून गोल गोल फिरायची. कॉलेजात सरांनी पाठ थोपटली, मार्कही चांगले दिले. टेम्पोत घालून ते मी गावी आणलं. अकरा लिटर दूध टाकलं, खालून जाळ, वरून मोटर. दूध पातळ होतं तोवर सगळं झकास चाललं. मग वास सुटला. मी मोटर बंद करून बघितलं तर कढईच्या अगदी मध्ये ताटलीएवढा काळा डाग. बाकी सगळा खवा पांढरा आणि मध्ये कोळसा.

आईनं वाकून बघितलं. रागावली नाही, त्यामुळं मला जास्तच राग आला. म्हणाली, "मधी उभंच राहतंय की गं ते."

मी पाय आपटत घरात गेले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. चार वर्षं पुस्तकं कुणी घासली होती? आणि ही म्हणते उभंच राहतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंख्याखाली पडले होते आणि पंख्याकडं बघता बघता एकदम चपापले. पंख्याच्या पात्याचं टोक किती जोरात जातं, आणि मधोमधचा बिंदू? तो जागचा हलत नाही. फेरे दोघांचे सारखेच, पण मध्याकडं सरकाल तसा वेग कमी होत जातो आणि अगदी मध्ये शून्य. हे मी परीक्षेत आकृती काढून, पूर्ण मार्क घेऊन लिहिलं होतं. यंत्र करताना विसरले. आईनं एका नजरेत ओळखलं की जिथं उलथणं उभं राहतं तिथंच दूध जळतं. मी उठून तिच्याकडं गेले आणि विचारलं, "मग तू कसं हलवतेस?"

"कसं म्हंजी? गोल."

गोल हलवत असती तर तिचाही खवा मध्ये जळाला असता. मग मी थंड कढईत भट्टीतली राख बारीक चाळून पातळ पसरली आणि आईच्या हातात उलथणं दिलं, सावकाश एकदा हलव म्हणाले. तिनं सावकाश, जपून, शाळेतल्या मुलीसारखा स्वच्छ गोल काढला. पुन्हा राख पसरली, पुन्हा गोल. तिसऱ्यांदाही गोल. हात काय करतो ते हातालाच ठाऊक होतं, तिला ठाऊक नव्हतं. लक्ष ठेवून ते येणार नव्हतं.

मग मी तिला चिडवायचं ठरवलं. चौथ्यांदा राख पसरली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मामी म्हणत होती, तिचा खवा तुझ्यापेक्षा पांढरा असतो."

आईचा हात थांबलाच नाही. "पांढरा? तिचा? अगं, चुलीवर चहा ठिवला तर बुडाला लावती ती. लगीन होऊन आली तवा दूध तापवायला म्या शिकवलं तिला..." ती बोलत राहिली आणि हात आपसूक चालत राहिला. मी मान खाली घालून हसू दाबत कढईत बघत होते. राखेत वाट उमटत होती. आंब्याच्या कोयीसारखी लांबट वाट, कढईच्या काठापासून निघून बुडाच्या बरोबर मधून पलीकडं जाणारी, तिकडं जराशी वळून दुसऱ्या बाजूनं परतणारी. आणि दर फेऱ्याला आई कढईभोवती अर्धं पाऊल सरकत होती, म्हणून पुढची कोय आधीच्या कोयीवर जरा तिरकी पडत होती. सगळ्या कोयी मिळून बुडाचा एकही ठिपका कोरा ठेवत नव्हत्या. एवढ्या वर्षांत हे मी रोज बघितलं होतं आणि कधीच दिसलं नव्हतं. मी तिला तिथंच मिठी मारली, तर म्हणाली, "मामीला सांग जाऊन." मामी असलं काही बोललीच नव्हती हे मी तिला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

आता तशी वाट काढणारं यंत्र पाहिजे होतं. आमच्या विषयात त्याला चार दांड्यांची यंत्रणा पुरते. चार दांड्या, चार सांधे, एक दांडी जागेवर पक्की. मग त्या सगळ्यांत मिळून एकच मोकळीक उरते: एकीला फिरवलं की बाकीच्यांनी कधी कुठं असायचं ते ठरलेलं. पोरांना हे पटकन कळत नाही, तेव्हा मी आमचं घर सांगते. आई हालली की आम्ही कुठं असायचं ते ठरलेलं, आणि पक्की दांडी म्हणजे दगडावर बसलेले वडील. पायानं चालवायचं शिलाई मशीनही तसंच. पायाखालचा पायटा खाली-वर झुलतो, मधली दांडी चाक फिरवते. आणि झुलणाऱ्या दांडीला फिरणाऱ्या दांडीशी जोडणाऱ्या त्या मधल्या दांडीवरचा एखादा बिंदू धरला, तर तो ना नुसता झुलतो ना नुसता फिरतो. तो स्वतःची वाकडी वाट काढतो. मला आईची वाट काढणारा बिंदू हवा होता.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून, टाचण्या टोचून मी आठवडाभर लांब्या बदलत बसले. पाटावर कागद, कागदावर राखेतल्या वाटेची नक्कल. वडील येता-जाता म्हणायचे, "कुणाचं लगीन लावतीस?" अखेर एक जोडणी जमली. पट्टीच्या भोकात घातलेली पेन्सिल कोयीवरून फिरून आली. आईला दाखवली. तिनं स्वतः पट्टी फिरवून बघितली, चारदा, मग ती जपून पाटावर ठेवली आणि भाकरी करायला गेली.

लोखंडी काम येरमाळ्याच्या हायवेवर, दारं-खिडक्या करणाऱ्या वेल्डिंगवाल्यांकडं दिलं, त्यांना सगळेच मामा म्हणतात. मापं कागदावर लिहून दिली होती. आणायला गेले आणि हातानं फिरवून बघितलं तर सगळ्यांत आखूड दांडी पाऊण फेरा घेऊन अडायची. मी मापलं. बाकी तिन्ही दांड्या बरोबर आणि आखूड दांडी दोन इंच जास्त.

"मामा, हे काय केलंत?"

"ताई, एवढीशी दांडी काय जोर धरंल? म्या जरा मोठी ठिवली. पैसे जादा न्हाय घेनार."

त्यांनी प्रेमानं केलं होतं, त्यांच्यावर चिडता कुठं येतं. यंत्रणेचा नियम असा, की सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत लांब दांडी मिळून उरलेल्या दोघींपेक्षा जास्त भरल्या, तर आखूड दांडीला पूर्ण फेरा मिळत नाही. मी पत्रिकेच्या पट्ट्या पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर मांडून दाखवलं. त्यांनी पट्टी फिरवली, अडली, मग माझ्या मापाची लावली, सरळ फिरली. "लहान हाय म्हणूनच फिरती व्हय," म्हणाले, आणि दांडी कापायला घेतली.

राहिलं आईचं सरकणं. यंत्र कढईभोवती फिरवणं अवघड होतं. पण दोघांतलं कोण स्थिर आणि कोण फिरतं याची अदलाबदल केली, तरी दोघांमधली हालचाल तीच राहते. आई कढईभोवती फिरायची, आम्ही कढईच फिरवली. लोखंडी कड्यावर बसवून, सावकाश, उलट बाजूला. उलथण्याला मुळाशी बिजागरी ठेवली, म्हणजे ते खोलगट बुडावर आपल्या वजनानं टेकून राहील.

मग तो दिवस आला. सकाळचं दूध, पुन्हा अकरा लिटर. दूध पातळ असेपर्यंत आई हातानंच हलवत होती, डाव्या हातानं उजवा सावरत. वडील दगडावरून उठून जवळ आले होते. मी मोटरच्या बटणाशी. हेही करपलं तर आई भट्टी बंद करणार नव्हती, हात जाईपर्यंत हलवत राहणार होती. तिनं तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण दिसत होतं.

दूध घट्ट झालं, कडेनं सुटायला लागलं. धरणार, आता धरणार. आई मला म्हणाली, "लाव."

"आत्ता? आई, आधीच लावायचं होतं. आता धरायला लागलाय."

"म्हणूनच म्हणती. लाव."

तिनं उलथणं बाहेर काढलं आणि मी बटण दाबलं. लोखंडी हात खाली टेकला, काठावरून निघाला, बरोबर मधून गेला, पलीकडं वळला, परत आला. कढई अर्धं पाऊल सरकली. पुन्हा. वडील इतकी वर्षं पाळलेला नेम मोडताना बघून हबकले होते. म्हणाले, "अगं, खवा धरलाय आन् हात बदललास तू."

आईनं यंत्रावरची नजर काढली नाही. "कुठं बदलला?" ती म्हणाली. "नीट बघा की. त्यो माझाच हाय."

मी बघत होते. वास येईना. खवा गोळा होत गेला, तूप सुटलं, आणि कढईच्या मधोमध बूड स्वच्छ चकचकीत दिसायला लागलं. आई दगडावर जाऊन बसली, वडिलांच्या जागेवर. खवा धरलेला असताना तिचा उजवा हात मांडीवर मोकळा पडलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला.